इन्कम टॅक्सची केस ट्रिब्युनलात हरलात तर धारवाड हायकोर्टात कसं जायचं

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, उद्यमबागचे फाउंड्रीवाले, वडगाव-शहापूरचे पॉवरलूमवाले आणि शहराजवळची जमीन विकलेले शेतकरी, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच येतो. ट्रिब्युनलची ऑर्डर विरोधात आली, डिमांड डोक्यावर आहे, आता हायकोर्टात जायचं तर कुठल्या, किती दिवसांत, आणि तिथं नेमकं सांगायचं काय. यातल्या शेवटच्या प्रश्नावर सगळं अवलंबून असतंय म्हणून आधीच सांगतो, इन्कम टॅक्सच्या केसमध्ये हायकोर्ट तुमचे हिशेब नव्याने तपासत बसत नाही, ते कायद्याचा प्रश्न बघतं, आणि तो प्रश्न हायकोर्टाच्या पायरीवर उभं राहून तयार करता येत नाही, पहिल्या अपिलापासून तो कागदावर यायला लागतो. म्हणून ज्यांची केस अजून खालीच आहे त्यांनी पण हे वाचा, खरं तर त्यांनीच आधी वाचा.

आधी खालच्या पायऱ्या पटकन. एओची (असेसिंग ऑफिसर, म्हणजे तुमचा कर ठरवणारा अधिकारी) असेसमेंट ऑर्डर आली की पहिलं अपील कमिशनर अपील्सकडे, फॉर्म ३५, पोर्टलवरच भरायचा, मुदत ३० दिवस, असेस केलेलं उत्पन्न २ लाखाच्या वर असेल तर फी १००० रुपये. रिटर्नमध्ये तुम्ही स्वतः जेवढं उत्पन्न दाखवलंय त्यावरचा टॅक्स आधी भरलेला पाहिजे, नाहीतर ते अपील दाखलच करून घेत नाहीत. तिथं नाही जमलं की ट्रिब्युनल, म्हणजे आयकर अपील न्यायाधिकरण (आयटीएटी), फॉर्म ३६. याची मुदत आधी ६० दिवस होती, १ ऑक्टोबर २०२४ पासून ती बदलली, ज्या महिन्यात ऑर्डर मिळाली तो महिना संपल्यापासून दोन महिने, म्हणजे १० जूनला ऑर्डर हातात पडली तर ऑगस्टअखेरपर्यंत. फी उत्पन्न २ लाखाच्या वर असेल तर त्याच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. बेळगाव जिल्ह्याच्या केसेस ट्रिब्युनलच्या पणजी बेंचकडे जातात, चोर्ला घाट उतरून. आणि ट्रिब्युनलनंतर कलम २६०ए खाली हायकोर्ट. हे सगळे कलम नंबर १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय आणि त्यात नंबर बदललेत, पण मागच्या वर्षांच्या केसेस जुन्या कायद्यानेच चालतात, त्यामुळे तुमच्या ऑर्डरवर अजून बरीच वर्षं हेच जुने नंबर दिसतील.

जुने कर सल्लागार अजून "रेफरन्स घाला" म्हणतात, आणि ऐकणारा गोंधळतो. पूर्वी खरंच तशी पद्धत होती. कलम २५६ खाली ट्रिब्युनललाच अर्ज करायचा, ६० दिवसांत, २०० रुपये फी भरून, की आमच्या केसमधून हा कायद्याचा प्रश्न निघतोय, तो हायकोर्टाकडे पाठवा. ट्रिब्युनलला पटलं तर ते केसची हकिकत लिहून प्रश्न हायकोर्टाकडे पाठवायचं, नाही पटलं तर सहा महिन्यांत थेट हायकोर्टाला विनंती करायची की ट्रिब्युनलला पाठवायला सांगा. हायकोर्ट फक्त उत्तर द्यायचं आणि त्या उत्तराप्रमाणे शेवटची ऑर्डर परत ट्रिब्युनल करायचं, यात वर्षंच्या वर्षं जायची. १ ऑक्टोबर १९९८ पासून ते बंद झालं, आता ट्रिब्युनलला विचारायची गरजच नाही, तुम्ही सरळ हायकोर्टात अपील घालायचं आणि निकालही तिथंच लागतो. मध्ये २००५ साली कायदा करून हायकोर्टाऐवजी नॅशनल टॅक्स ट्रिब्युनल आणायचं ठरलं होतं, तो कायदा सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये रद्द केला. म्हणजे तुम्हाला कुणी रेफरन्स म्हटलं तरी करायचं आहे ते २६०ए चं अपीलच.

कुठलं हायकोर्ट

इथं आपल्या भागातल्या लोकांची हमखास गल्लत होते, कारण आपलं ट्रिब्युनल गोव्यात आणि गोव्यात मुंबई हायकोर्टाचं बेंच आहे, मग माणसाला वाटतं पणजीतच ट्रिब्युनलची ऑर्डर झाली तर अपील पण तिथल्याच हायकोर्टात. तसं नाही. ट्रिब्युनल कुठं बसलं याने हायकोर्ट ठरत नाही, असेसमेंट ऑर्डर करणारा एओ ज्या राज्यातला त्या राज्याचं हायकोर्ट. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२२ मध्ये एबीसी पेपर्सच्या केसमध्ये हे स्पष्ट केलं, आणि पुढं जाऊन हेही सांगितलं की नंतर तुमची फाईल कलम १२७ खाली दुसऱ्या राज्यातल्या अधिकाऱ्याकडे ट्रान्सफर झाली तरी हायकोर्ट बदलत नाही, ऑर्डर केलेल्या एओचंच राहतं. म्हणजे बेळगावच्या एओची केस कर्नाटक हायकोर्टाची, आणि बेळगाव जिल्हा धारवाड बेंचखाली येतो. २००८ मध्ये तिथं सर्किट बेंच सुरू झालं आणि २०१३ मध्ये ते कायम झालं, तेव्हापासून बंगळूरला फायलिंगसाठी हेलपाटा नाही. हायवेने जाताना धारवाड शहर यायच्या अलीकडेच, बेलूरजवळ, कोर्ट लागतंय. तिथल्या केसचा नंबर १ लाखाच्या पुढून सुरू होतो, म्हणजे आयटीए (इन्कम टॅक्स अपील) १००… असा सहा आकडी नंबर दिसला की ती धारवाडची फाईल, ऑनलाईन केस स्टेटस बघताना बेंच धारवाड निवडायचं, बंगळूर निवडून बसलात तर केस सापडत नाही आणि उगाच घाबरायला होतं.

आता सीमेवरचा आपला खास पेच. राहायला टिळकवाडीत आणि कारखाना चंदगड तालुक्यात शिनोळीला, अशी बरीच मंडळी आहेत. यात तुम्ही राहता कुठं किंवा कारखाना कुठं हे बघून अंदाज बांधू नका, तुमच्या पॅनचा एओ कोण हे बघा, पोर्टलवर प्रोफाईलमध्ये ज्युरिस्डिक्शन दिसतंय. फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाईन झालेली, ऑर्डर दिल्लीच्या नावाने आली असली तरी हा एओच धरायचा. एओ कोल्हापूरचा असेल तर ट्रिब्युनल पुण्याचं आणि हायकोर्ट मुंबईचं, ज्याचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात पण बसतंय. एकाच घरातल्या दोन भावांच्या केसेस, मुद्दा तोच, वर्ष तेच, पण एकाची धारवाडला आणि दुसऱ्याची मुंबई हायकोर्टाकडे असं होऊ शकतं. आणि याला महत्त्व आहे, कारण एकाच मुद्द्यावर दोन हायकोर्टांची मतं वेगळी असू शकतात, मग तुमच्या पणजीच्या ट्रिब्युनलसमोर कर्नाटक हायकोर्टाचा निकाल तुमच्यावर बांधील, मुंबईचा नाही. वकिलाने मुंबई हायकोर्टाचा छान निकाल काढून दिला तरी विचारा, याच मुद्द्यावर कर्नाटकचं काय म्हणणं आहे.

कायद्याचा प्रश्न म्हणजे काय, दोन उदाहरणं

कायद्यात शब्द आहे सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, आणि तो नसेल तर अपील दारातच संपतं. नुसता कायद्याचा प्रश्न असून भागत नाही, तो केसचा निकाल फिरवणारा, आणि आधीच पक्का सुटलेला नसलेला असा पाहिजे. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने चुनीलाल मेहता केसमध्ये याची कसोटी घालून दिली ती अजून वापरतात. हे पुस्तकी वाटतं म्हणून जमिनीचं उदाहरण घेऊ.

समजा येळ्ळूर रोडला तुमची शेतजमीन होती, ती विकली, तुम्ही म्हणालात ग्रामीण शेतजमीन आहे, कॅपिटल गेन लागत नाही. नियम असा की गावठाणची लोकसंख्या बघायची नाही, जवळच्या नगरपालिका-महापालिकेची बघायची, ती १ लाखाच्या वर आणि १० लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतली जमीन करात येते. बेळगाव शहर २०११ च्या जनगणनेत ५ लाखाच्या आतच होतं म्हणजे आपल्याला ६ किलोमीटरची रेघ लागू. आता एओ म्हणतो तुमची जमीन साडेपाच किलोमीटरवर आहे, तुम्ही म्हणता साडेसहा. हा वाद वस्तुस्थितीचा. तहसीलदाराचा दाखला, सर्व्हेअरचा नकाशा, उतारा, जे काय आहे ते ट्रिब्युनलपर्यंत लावायचं, ट्रिब्युनलने पुरावा बघून साडेपाच म्हटलं की विषय संपला, हायकोर्ट टेप घेऊन मोजायला येत नाही. पण अंतर मोजायचं कसं, रस्त्याने की सरळ हवाई रेषेत, हा कायद्याचा प्रश्न. जुन्या वर्षांना याच प्रश्नावर हायकोर्टात खूप केसेस झाल्या, रस्त्याने मोजा असे निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागले, आणि मग असेसमेंट वर्ष २०१४-१५ पासून कायद्यातच हवाई अंतर असं लिहून टाकलं. बघा, जमीन तीच, पण एक वाद हायकोर्टात टिकतो आणि दुसरा टिकत नाही.

याला एक वाट आहे. ट्रिब्युनलने पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, किंवा समोर ठेवलेला महत्त्वाचा कागद बघितलाच नाही, किंवा कुठलाही शहाणा माणूस काढणार नाही असा अर्थ काढला, तर त्याला पर्व्हर्स फाइंडिंग म्हणतात आणि तो कायद्याचा प्रश्न होतो. पण अपिलात तसा प्रश्न स्पष्ट शब्दांत घालायला लागतो, आणि तो कागद खरंच ट्रिब्युनलसमोर होता हे पेपरबुकचा (ट्रिब्युनलला दिलेल्या कागदांचा पानं नंबर घातलेला संच) पान नंबर देऊन दाखवायला लागतंय. "आमचं काहीच ऐकलं नाही" एवढ्यावर काही होत नाही.

दुसरं उदाहरण सोसायट्यांचं, आणि आपल्या जिल्ह्यात घरटी एक सभासद सापडेल एवढ्या सोसायट्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा खानापूर तालुक्यातली एक क्रेडिट सोसायटी आहे, सभासदांच्या ठेवी घेते, सभासदांना कर्ज देते, शिल्लक पैसा डीसीसी बँकेत एफडी करते. तिने कलम ८०पी, म्हणजे सहकारी संस्थांच्या वजावटीचं कलम, त्याखाली सगळं वजा मागितलं, एओने एफडीचं व्याज १४ लाख बाजूला काढून त्यावर टॅक्स लावला. एओ हमखास शिरसीच्या तोटगार्स सेल सोसायटीचा सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल दाखवतो, की शिल्लक पैशावरचं व्याज हे इतर उत्पन्न. सोसायटीच्या बाजूने कर्नाटक हायकोर्टाचाच तुमकूर मर्चंट्स सौहार्दचा २०१४ चा निकाल आहे, तिथं हायकोर्टाने फरक दाखवला, शिरसीच्या केसमधले पैसे म्हणजे सभासदांना द्यायचं देणं होतं, इथं सोसायटीचा स्वतःचा, कर्जाला लगेच न लागणारा पैसा आहे, म्हणून व्याज धंद्याचंच. मग दुसरा फाटा, ८०पी(२)(डी), सहकारी बँकेकडून आलेलं व्याज वजा मिळतं का, तर त्याच तोटगार्स सोसायटीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या केसेसमध्ये कर्नाटक हायकोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये सोसायटीच्या बाजूने आणि जून २०१७ मध्ये विरुद्ध निकाल दिला. त्यात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा केरळच्या माविलायी सोसायटीचा निकाल आला ज्यात ८०पी उदारपणे वाचा असं सांगितलं.

आता या सोसायटीने हायकोर्टात प्रश्न कसा घालायचा. "१४ लाखाची वजावट नाकारली हे चूक आहे का" असा घातला तर तो प्रश्नच नाही, ती तक्रार झाली. नीट प्रश्न असा होईल, की कर्जाला लगेच न लागणारा स्वतःचा निधी सहकारी बँकेत ठेवून मिळालेलं व्याज हे सभासदांना कर्ज देण्याच्या धंद्याशी निगडित उत्पन्न नाही असं ट्रिब्युनलने धरलं, ते कलम ८०पी(२)(ए)(आय) आणि हायकोर्टाचा बांधील निकाल बघता कायद्याने बरोबर आहे का. यात वस्तुस्थिती ठरलेली आहे, निधी स्वतःचा आहे. पण हे "निधी स्वतःचा आहे" कुठून आलं, तर खाली ट्रिब्युनलच्या ऑर्डरमध्ये तसं फाइंडिंग पाहिजे, आणि ते येण्यासाठी तुम्ही ताळेबंद, रिझर्व्ह फंड, देणी यांचा तक्ता कमिशनरपुढंच लावलेला पाहिजे. नॉमिनल (नाममात्र) सभासद किती, त्यांच्याशी व्यवहार किती, हाही तसाच मुद्दा, सिटिझन को-ऑपच्या २०१७ च्या निकालानंतर डिपार्टमेंट तो काढतंच. या तक्त्यांची तयारी पहिल्या दिवशी केली तर दोन तासांचं काम आहे, पाच वर्षांनी जुना सेक्रेटरी रिटायर झाल्यावर तीच गोष्ट होत नाही.

म्हणूनच फॉर्म ३५ भरताना घाई करू नका. तिथं हकिकतीला १००० शब्द आणि प्रत्येक ग्राउंडला, म्हणजे अपिलाच्या मुद्द्याला, १०० शब्द मिळतात, आणि बरेच जण "ऑर्डर बेकायदेशीर आहे, रद्द करावी" एवढं एक ग्राउंड टाकून मोकळे होतात. प्रत्येक मुद्द्याला वेगळं ग्राउंड आणि त्यात कलमाचं नाव पाहिजे. नवा कागद लावायचा तर कमिशनरपुढं नियम ४६ए खाली अर्ज करून लावता येतो, ट्रिब्युनलपुढं नियम २९ खाली, हायकोर्टात नवीन पुराव्याला जवळजवळ जागाच नाही. शुद्ध कायद्याचा एखादा मुद्दा खाली राहून गेला असेल आणि त्याला लागणारी माहिती रेकॉर्डवर असेल तर तो ट्रिब्युनलपुढं पहिल्यांदा घेता येतो, त्याला एनटीपीसीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवायचा, तेव्हा ट्रिब्युनलात अ‍ॅडिशनल ग्राउंडचा अर्ज द्यायला लाजू नका. आणि एक, पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल आजच तपासा. सोसायट्यांच्या लॉगिनला दोन कमिट्या आधीच्या सेक्रेटरीचा नंबर असतो, फेसलेस अपिलाच्या नोटिसा त्याला जातात, इकडं कुणालाच पत्ता नसतो, आणि हजर राहिला नाहीत म्हणून एकतर्फी ऑर्डर होते. एकतर्फी ऑर्डरमध्ये फाइंडिंग काहीच नसतं, मग वर जाऊन मांडणार काय.

१२० दिवस आणि कागद

ट्रिब्युनलची ऑर्डर तुम्हाला मिळाल्यापासून १२० दिवसांत हायकोर्टात अपील दाखल झालं पाहिजे. चार महिने नव्हे, दिवस मोजायचे. १० जूनला मिळाली तर ८ ऑक्टोबर. मिळाल्याची तारीख पुराव्यानिशी जपा, पाकीट असेल तर पाकीट, ईमेल असेल तर प्रिंट, फाईलला लावून ठेवा. उशीर झाला तर कंडोनेशनचा अर्ज देता येतो, कारण पुरेसं वाटलं तर हायकोर्ट माफ करतं, पण प्रत्येक दिवसाचं सांगायला लागतंय, "कमिटीची मिटिंग झाली नाही" हे कारण म्हणून लंगडं आहे.

याच काळात एक सापळा आहे. ट्रिब्युनलने तुमचं एखादं ग्राउंड निकालातच घेतलं नाही किंवा उघड चूक केली तर कलम २५४(२) खाली दुरुस्तीचा अर्ज देता येतो, ऑर्डर ज्या महिन्यात झाली तो महिना संपल्यापासून सहा महिन्यांत. तो जरूर द्या, पण तो दिला म्हणून १२० दिवसांचं मोजणं थांबत नाही. दोन्ही बरोबर चालवायचं. दुरुस्तीचा निकाल येईपर्यंत थांबलेले आणि मग मुदत गेलेले लोक दर वर्षी दिसतात, फार वाईट वाटतंय बघताना कारण मुद्दा त्यांचा चांगला असतो.

तुमचा सीए किंवा कर सल्लागार ट्रिब्युनलपर्यंत तुमच्यासाठी उभा राहू शकतो, हायकोर्टात नाही, तिथं वकीलच लागतो. धारवाड-हुबळीला टॅक्स बघणारे वकील आहेत, नुसता ओळखीचा दिवाणी वकील घेऊ नका. पण सीएला बाजूला पण सारू नका, पाच वर्षांची फाईल त्याच्या डोक्यात असते, प्रश्न तयार करायला दोघांना एका टेबलावर बसवा. सोसायटी असेल तर आधी संचालक मंडळाचा ठराव, अपील करायचं, वकीलपत्रावर आणि अ‍ॅफिडेव्हिटवर सही कोण करणार, खर्च कुठून, सगळं ठरावात. मग वकिलाला द्यायचं ते म्हणजे ट्रिब्युनल ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी, कमिशनरची ऑर्डर, एओची ऑर्डर, दोन्ही ठिकाणची ग्राउंड्स, ट्रिब्युनलला दिलेलं पेपरबुक पानं नंबरसकट, आणि लेखी म्हणणं दिलं असेल तर ते. कोर्ट फी राज्याच्या नियमाने लागते, वकिलाचा क्लार्क ती काढून सांगतो.

आता आपल्याकडचा खरा वेळखाऊ भाग, भाषांतर. हायकोर्टाचं काम इंग्रजीत. आपल्या सोसायट्यांची प्रोसिडिंग बुकं मराठीत, पोटनियम रजिस्ट्रारकडे कानडीत, जमिनीची पहाणी कानडीत, वाटणीपत्र कधी मोडीत नसलं तरी जुन्या मराठीत, आणि जमाखर्चाच्या वह्या हाताने लिहिलेल्या. हे सगळं इंग्रजीत करून, भाषांतर बरोबर आहे अशी सही घेऊन, मूळ कॉपीच्या मागे लावायला लागतंय. खरं तर हे ट्रिब्युनलच्या पेपरबुकातच झालेलं असलं पाहिजे, कारण तिथं मराठी ठराव नुसता जोडला आणि कुणी वाचलाच नाही तर पुढं "हा पुरावा समोर होता" म्हणणं अवघड जातं. मी नेहमी सांगतो, ठरावातलं सगळं पान नको, जो मजकूर आपल्या मुद्द्याला लागतो त्याचं भाषांतर आधी, आणि आकडे, तारखा, सर्व्हे नंबर मूळ कागदाशी एकेक करून ताडून बघा. सर्व्हे नंबरच्या पोटहिश्शात एक आकडा चुकला तर डिपार्टमेंटचा वकील तेवढंच धरून बसतो.

पैसे भरायचे की नाही

हायकोर्टात अपील घातलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, कायदाच म्हणतो अपील चालू असलं तरी टॅक्स देणं लागतं. पहिल्या अपिलाच्या टप्प्यावर साधारण २० टक्के भरून एओकडून बाकीच्याला स्टे मिळतो, तशी सूचना २०१६ ची आहे आणि २०१७ मध्ये १५ चे २० टक्के झाले. ट्रिब्युनलमध्ये ५०० रुपये फी भरून स्टेचा वेगळा अर्ज असतो. हायकोर्टात अपिलाबरोबरच अंतरिम अर्ज द्यायचा, आणि त्यात नुसतं पैसे नाहीत म्हणायचं नाही, मुद्दा का भक्कम आहे, आधी किती भरलंय, खातं गोठवलं तर ठेवीदारांचं काय होईल, हे कागदासह लिहायचं. किती भरायला लावायचं ते कोर्ट ठरवतं.

खर्चाचा हिशेब पण उघड्या डोळ्यांनी करा. वादातला टॅक्स दोन-तीन लाख असेल आणि मुद्दा एकाच वर्षापुरता असेल तर हायकोर्ट परवडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोच मुद्दा दर वर्षी येणार असेल, सोसायट्यांच्या व्याजासारखा, तर एका वर्षाची रक्कम बघून निर्णय घेऊ नका, पुढच्या दहा वर्षांचा टॅक्स त्या एका निकालावर टांगलेला असतो. एकाच मुद्द्याच्या चार सोसायट्या असतील तर एकच वकील धरा, कोर्ट पण असली अपिलं एकत्र ऐकतं, कागदाचा खर्च वाटून जातो.

उलट बाजू पण माहीत असू द्या. ट्रिब्युनलात तुम्ही जिंकलात तर डिपार्टमेंट हायकोर्टात येईल का, याला मर्यादा आहे. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे वादातला टॅक्स ट्रिब्युनलसाठी ६० लाख, हायकोर्टासाठी २ कोटी, सुप्रीम कोर्टासाठी ५ कोटी यापेक्षा जास्त असेल तरच डिपार्टमेंट अपील करतं, काही ठरावीक अपवाद सोडून. ही मर्यादा त्यांना आहे, तुम्हाला नाही, तुमचा टॅक्स कितीही असला तरी तुम्ही जाऊ शकता.

आणि रिट वेगळं, अपील वेगळं. कलम १४८ ची, म्हणजे जुनी असेसमेंट पुन्हा उघडायची, नोटीसच बेकायदेशीर आहे, किंवा म्हणणं मांडायची संधीच दिली नाही, अशा वेळी घटनेच्या कलम २२६ खाली थेट हायकोर्टात रिट घालतात, ते खालच्या पायऱ्या न चढता. पण अपिलाची सोय असताना रिट का, हा पहिला प्रश्न कोर्ट विचारतं, म्हणून आकड्यांच्या वादाला रिटचा मार्ग धरू नका, मधल्या काळात अपिलाची ३० दिवसांची मुदत निघून जाते.

पुढं काय होतं

दाखल झालं की रजिस्ट्री त्रुटी काढते, पानं वाचता येत नाहीत, भाषांतर नाही, सही नाही, त्या वेळेत भरून द्या. मग अ‍ॅडमिशनची सुनावणी. दोन न्यायमूर्तींचं बेंच बसतं, आणि कोर्टाला पटलं की महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न आहे तर ते प्रश्न लिहून काढतं, आणि पुढं अपील त्या लिहिलेल्या प्रश्नांवरच चालतं. डिपार्टमेंट त्या वेळी म्हणू शकतं की हा प्रश्नच यात येत नाही. कोर्टाला वाटलं तर कारण देऊन दुसरा प्रश्न पण घेता येतो, आणि ट्रिब्युनलने न ठरवलेला मुद्दा हायकोर्ट स्वतः ठरवू शकतं, पण त्यावर भिस्त ठेवून प्रश्न ढिले लिहू नका. तीन-चार प्रश्न नेमके घाला, पंधरा घातले की खरा प्रश्न हरवतो. पहिल्याच सुनावणीला वकिलाला विचारतील, मुद्दा काय, तेव्हा दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. तुम्ही स्वतः जायची गरज नसते, पण पहिल्या तारखेला सेक्रेटरीने किंवा सीएने फाईल घेऊन मागे बसावं असं मला वाटतं, एखादी तारीख किंवा आकडा वकिलाला तिथल्या तिथं लागतो.

तिथंही हरलात तर सुप्रीम कोर्ट. हायकोर्टानेच केस योग्य आहे असं सर्टिफिकेट दिलं तर कलम २६१ खाली अपील, नाहीतर घटनेच्या कलम १३६ खाली एसएलपी, म्हणजे अपिलाला खास परवानगी मागणारा अर्ज, हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवसांत, आणि दाखल करायला अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डच, म्हणजे सुप्रीम कोर्टात तशी नोंदणी असलेला वकीलच, लागतो.

जिंकलात तर निकालाची सर्टिफाईड कॉपी घेऊन एओकडे पत्र द्या की निकालाप्रमाणे ऑर्डर करून रिफंड द्या, आणि पत्राची पोच घ्या. डिपार्टमेंटकडे निकाल पोचला तो महिना संपल्यापासून तीन महिन्यांत ही ऑर्डर व्हायला लागते. भरलेल्या पैशावर कलम २४४ए खाली महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, आणि त्या मुदतीत ऑर्डर झाली नाही तर उशिराच्या काळासाठी वर्षाला ३ टक्के जादा. हे जादा व्याज पत्रात कलमासह मागा, आणि रिफंड यायच्या आधी पोर्टलवर सोसायटीचं बँक खातं व्हॅलिडेट आहे का, जुन्या वर्षांच्या दुसऱ्या कुठल्या डिमांडमध्ये ते पैसे वळते होतायत का, हे बघा. वळते करणार असतील तर त्याची नोटीस पोर्टलवर येते, तिला मुदतीत उत्तर द्या.